थांबलेल्या पंख्याचा वेग

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. घरचा किराणा असो की कारखान्यातली दुरुस्ती, मी यादी करते, खूण करते आणि पुढच्या कामाला लागते. या एका प्रसंगापुढे मात्र अजून खूण झालेली नाही...

बारामतीजवळ, कन्हेरीच्या बाजूला आमचा पशुखाद्याचा छोटा कारखाना आहे. धूळ ओढायला दोन मोठे पंखे, दोन्हींची हवेची वाट एकच. त्यामुळे एक चालू असला की बंद असलेला दुसरा उलटा फिरायला लागतो. अशा फिरत्या पंख्याला एकदम चालू केलं तर मोटरला जबर झटका बसतो. म्हणून मोटरचा वेग सांभाळणारा नवीन ड्राइव्ह बसवला. बटण दाबलं की तो आधी मोटर कुठल्या दिशेने, किती वेगाने फिरतेय ते शोधतो, स्क्रीनवर आकडा दाखवतो, आणि मगच तिला अलगद ताब्यात घेतो. उलटी फिरत असेल तर आकडा उणे, थांबलेली असेल तर शून्य.

कामगारांची एक रीत होती – साफसफाईला पंख्याच्या आत जाणाऱ्याने आपली चप्पल पॅनेलच्या हँडलला अडकवायची. चप्पल दिसली की बटणाला कुणी हात लावत नसे. मलाही ती कुलपापेक्षा खात्रीची वाटायची.

नवरात्रातली सकाळ. गेलेली लाइट आली, तशी मी पॅनेलपाशी गेले.

"चप्पल न्हाय मॅडम, दाबा," आमचे इलेक्ट्रिशियन युनूसभाई म्हणाले. "का मुहूर्त बघताय?"

मी हसून बटण दाबलं.

उणे अकरा.

पंखा उलटा फिरतोय? पण दुसरा तर बंद होता! मी झटकन स्टॉप दाबलं.

"भाई, दुसरा पंखा कुणी चालू केला?"

"कोन करतंय? त्याचा फ्यूज माझ्या खिशात हाय."

आम्ही बघायला गेलो. पंख्याचं झाकण उघडं... आणि आत आमचा सफाईवाला दत्तू, पात्याला पाठ टेकून निवांत खरवडत बसलेला. पंखा जागच्या जागी, स्थिर.

"आरं दत्त्या, चप्पल कुठं हाय तुझी?" युनूसभाई ओरडले.

"नवरात्र हाय की भाई. नऊ दिस अनवानी."

मी त्याला बाहेर बोलावलं. "पंखा हलला का रे आत?"

"न्हाय वो मॅडम. हलला असता तर मी हितं उभा असतो व्हय?"

तो हसत होता. मग त्याने आमचे चेहरे पाहिले आणि वळून उघड्या झाकणाकडे बघितलं.

ड्राइव्हवाल्या कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, खोटं रीडिंग असेल. असेलही. झाकण उघडं ठेवून, लाइट घालवून, परत आणून – आम्ही तीच तपासणी कितीदा केली. दर वेळी शून्यच आलं. आता पॅनेलला कुलूप असतं आणि किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात.

दत्तूने काम सोडलं. बावड्याला घरी म्हशी सांभाळतो. उकाड्यातही घरातला पंखा लावू देत नाही, असं त्याची बायको मला इंदापूरच्या बाजारात भेटली तेव्हा म्हणाली.

"मॅडम, त्या दिशी ह्यांना वाचवलं कुनी?"

"मशीननं," मी म्हणाले.

"पर मशीनला काय ठावं, आत मानूस हाय म्हनून?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.