रिकामं कव्हर

वॉटरफोर्डला आमच्या शेजारी एक आयरिश आजी-आजोबा राहतात. आजोबा तरुणपणी डान्स बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. एकदा कुंपणापाशी गप्पा मारताना मी ठोकून दिलं, "जॅझ? मला फार आवडतं!" खरं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्यांचा चेहरा खुलला. आत जाऊन एका पिशवीतून एक जुनी रेकॉर्ड घेऊन आले.

"ही करताना वादकांना आधी काही दिलंच नव्हतं," ते म्हणाले. "ऐनवेळी थोडे सूर सांगितले आणि म्हटलं, वाजवा. बरंचसं पहिल्याच खेपेला जमलेलं आहे. ही ऐकली आणि कळलं, मी उगाच फार वाजवतो. तेव्हापासून थांबायला शिकलो. आमच्यातल्या कितीतरी जणांचं वाजवणं हिने बदललं."

आमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे, शोभेचा. त्याच्याशेजारी ती पिशवी दोन आठवडे तशीच पडून होती. परत करायच्या सकाळी मी फोनवर त्या अल्बमबद्दल पाच मिनिटं वाचलं आणि गेले.

"दुसऱ्या बाजूचा सॅक्सोफोन ऐकून डोळ्यांत पाणी आलं," मी म्हणाले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आजी आल्या. "बरं झालं आलीस! अगं, यांनी तुला नुसतं कव्हरच दिलं. रेकॉर्ड आमच्याच प्लेअरवर राहिली होती, आज सकाळी दिसली."

माझी कानशिलं तापली. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आजींना म्हणाले, "तिच्याकडे तिची स्वतःची असेल. पुष्कळांकडे असते."

आणि मी "हो" म्हणाले.

त्या "हो"ची जास्त लाज वाटली. पुढचे काही दिवस त्यांची चाहूल लागली की मी गाडीतच बसून राहायची. शेवटी एका रविवारी जाऊन सांगितलं, "मी ऐकलीच नव्हती. पिशवीही उघडली नव्हती. जॅझ मला कळतही नाही."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "बस."

त्यांनी रेकॉर्ड लावली. पहिली बाजू संपल्यावर विचारलं, "कसं वाटलं?"

"काय चाललंय ते कळलं नाही."

"मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतं," म्हणत त्यांनी बाजू पालटली.

हल्ली मी अधूनमधून जाते. काही आवडतं, काही नाही, तसं सांगते. फक्त आजी चहा घेऊन आल्या, की अजून मान वर करवत नाही. त्यांना खरं काय ते कुणीच सांगितलेलं नाही.