बसून खाणारी डिस्क

सांगलीच्या हळदीच्या पेठेत अर्जुनाआप्पांनी एकतीस वर्षं पाठीवर पोती वाहिली. माणूस ओळखायची त्यांची रीत एकच: कण्हतो तो ओझ्याखाली असतो, गप्प असतो तो अंग चोरतो. काम सोडून आष्ट्याच्या घरी बसले तरी रीत सुटली नाही. मिक्सर घरघरला की ते समाधानानं मान हलवायचे. फ्रीजवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

सून समीक्षानं माजघरात एक काळी पेटी बसवली. आत दोन हार्ड डिस्क. जे साठवायचं ते दोन्हींवर सारखंच साठायचं. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून.

"म्हंजे एका पोत्याला दोन हमाल," आप्पा म्हणाले. त्यांना ते पटलं नव्हतं.

पेटीत सगळ्यात मोलाचं होतं ते त्यांच्या बायकोचं, धोंडुबाईचं रेकॉर्ड केलेलं बोलणं. ती मेंढपाळाची लेक. मेंढरांची नावं, आजारपणं, कळपाला घालायच्या हाका, सगळं तिनं अकरा दिवस सुनेला सांगितलं आणि बाराव्या दिवशी जाहीर केलं, "आता परत कुणी इचारायचं न्हाई. मी सांगायची न्हाई." समीक्षाचा पीएचडीचा प्रबंध त्याच बोलण्यावर उभा होता आणि महिनाअखेरीला द्यायचा होता.

ती चार दिवस कामासाठी साताऱ्याला गेली आणि पेटीवर नारंगी दिवा लागला. तिच्या फोनवर निरोप गेला. तिनं घरी फोन केला. "मामा, एक डिस्क जायला लागलीय. पेटी बटण दाबून बंद करून ठेवा. रविवारी नवी आणते, मग ती काढू."

मूठभर कामाला रविवार कशाला, असं आप्पांना वाटलं. त्यांनी पेटीला कान लावला. डावी डिस्क कटकट करत होती, थांबून पुन्हा जोर लावत होती. उजवी गप्प.

"ही बघ, बसून खाती," ते म्हणाले.

"आवं, दिवा तर डावीवर लागलाय," धोंडुबाई म्हणाली.

"राबणारा तांबडा व्हतोच."

त्यांनी उजवी ओढून काढली आणि गल्लीच्या टोकाला अश्फाकच्या भंगारात टाकून आले. पेटी शिट्ट्या मारायला लागली. धोंडुबाईनं तिच्यावर घोंगडं टाकलं. तिसऱ्या दिवशी डावीही गप्प झाली.

"दमली असंल," आप्पा म्हणाले.

रविवारी समीक्षानं घोंगडं उचललं. "मामा, उजवी कुठाय?"

"काढली. अंग चोरत व्हती. डावी कटकट करत राबत व्हती."

समीक्षानं डावीवर बोट ठेवलं. "मामा, कटकट करत होती तीच मोडलेली. गप्प होती ती धडधाकट होती. आता आत्यांचं बोलणं फक्त तिच्यातच आहे."

आप्पांनी बायकोकडं पाहिलं. "तू परत सांगशील का?"

"अकरा दिवस? आन् तुमी मधी मधी चुका काढणार? न्हाई." ती तांदूळ निवडत राहिली. "चाळीस वर्सं गप राहून घर वडलं. म्हंजे मी बी बसूनच खाल्लं म्हणा की."

आप्पांनी चपला घातल्या.

अश्फाकचा टेम्पो सांगलीला जायला भरून उभा होता. बावीस पोती, वर ताडपत्री.

"आप्पा, तुमचा माल कंच्या पोत्यात ते अल्लालाच ठावं," अश्फाक म्हणाला.

"उतरू."

"आवं, वय काय तुमचं?"

"ताडपत्री सोड."

पहिलं पोतं पाठीवर आलं. नुसता पत्रा. दुसऱ्यात नळाचे तुकडे. पाठीला माल कळत होता, तरी आप्पा प्रत्येक पोत्याचं तोंड सोडून बघत, पुन्हा बांधत. अदमासावर सोडलेलं काम ते काम मानत नसत. मदतीला आलेल्या अश्फाकला त्यांनी परत पाठवलं. चूक त्यांची होती, पोतीही त्यांचीच. सोळाव्या पोत्यात, दोन तुटक्या इस्त्र्यांच्या मधे, डिस्क निघाली. कोपरा चेपला होता. त्यांनी ती धोतराला पुसली आणि मागोमाग आलेल्या समीक्षाच्या हातात दिली.

ती पळतच घरी गेली. उजवी जागेवर बसवली, पेटी चालू केली. बराच वेळ काही नाही. मग उजवीचा दिवा हिरवा झाला, तिनं लॅपटॉप जोडला आणि धोंडुबाईची मेंढरांना घातलेली हाक माजघरात अशी घुमली, की शेजारणीची शेळी ओरडली.

समीक्षा टेम्पोपाशी परतली तेव्हा आप्पांच्या पाठीवर टेम्पोत परत चढवायचं पोतं होतं.

"मामा, सगळं शाबूत आहे. चला ऐकायला. आत्या थांबल्यात."

"तिला सांग, येतो," आप्पा म्हणाले. "अजून सात भरायचीत."