पुरतात, उलट उरतात

पाचोड सोडलं तो बाजाराचा दिवस होता. आबांनी आधी माझी एक शेळी विकली, नोटा दोनदा मोजल्या आणि मग मला एसटीत बसवलं. शेळी खरोखर माझीच होती. पाचवीत असताना मामानं मला एक पाठ, म्हणजे शेळीचं मादी पिल्लू, दिली होती, आणि भाचीला दिलेल्या पाठीची सगळी वीण आमच्याकडं भाचीचीच धरतात. बारावीपर्यंत एकीच्या बारा झाल्या होत्या. खिडकीतून नोटा देताना आबा म्हणाले, "अकरा राहिल्या. तीन वर्सं हायेत. पुरवून खा."

शहरात, पुंडलिकनगरात तिघींत मिळून एक खोली घेतली. फी माफ होती, राहणं-खाणं शेळ्यांवर. महिन्याला चार हजार ठरले. खोलीचं भाडं, मेसचा डबा, झेरॉक्स आणि रिचार्ज गेले की हातात काही राहत नसे. पण मला ठेवायचे होते. तीन वर्षांत जेवढ्या शेळ्या वाचतील तेवढ्यांवर एम.एस्सी. करायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. घरी बोलले नव्हते. म्हटलं, शेळ्या वाचवून दाखवू, मग बोलू.

म्हणून दोन वेळचा डबा बंद करून एकाच वेळचा लावला. दुपारी दोन पोळ्या आणि भाजी, राहिलेल्या दोन पोळ्या संध्याकाळी चटणीशी. कॉलेज क्रांती चौकाच्या पलीकडं. मैत्रिणी शेअर रिक्षात बसायच्या, मला चालायला आवडतं असं मी सांगायचे. 'पोटाला चिमटा घेणे' हा वाक्प्रचार शाळेत वाक्यात उपयोग करायला आला होता. त्याचा खरा उपयोग इथं झाला.

महिनाअखेरीला आबांचा फोन यायचा. जेवलीस का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पुरले का, एवढंच विचारायचे. मी म्हणायचे, "पुरतात, उलट उरतात." उरलेला आकडाही सांगायचे आणि पुढच्या महिन्यात तेवढे कमी मागवायचे. त्यात काटकसरीइतकीच फुशारकी होती, हे आता कबूल करते. आमची पोरगी लई हिशेबी हाय, असं आबा गावभर सांगत, आणि ते माझ्या कानावर आलं की मला आठवडाभर भूक कमी लागायची.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला घरी गेले. माझ्या हिशेबानं दावणीला सहा शेळ्या हव्या होत्या. दोनच होत्या. अंगणात झेंडूचा हार घातलेली नवी मोटारसायकल उभी होती, भावाची. त्यानं दहावीनंतर शाळा सोडून माझ्या शेळ्या राखल्या होत्या, त्याचाही हक्क होता, हे मी नाकारत नाही. पण मला कुणी विचारलं नव्हतं. आबांना विचारलं तर ते अगदी खुशीत होते. "तुला तर उरायलेत म्हनलीस. मग त्या हितं बसवून काय करायच्या? तुझ्यामुळंच झाली बघ गाडी."

उरत नव्हते म्हणावं तर दीड वर्ष खोटं बोलले होते. माझं खोटं धरूनच त्यांनी शेळ्या विकल्या होत्या. मी गाडीला ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. आईनं ते बघितलं. "हात लई बारीक झालाय गं," ती म्हणाली. मी म्हटलं, अभ्यास असतो. ती बाजारातून एक माप लहान बांगड्या घेऊन आली आणि स्वतःच्या हातानं मला भरल्या. आबांना तिनं काही सांगितलं नाही.

त्यानंतर घरून दोनच हजार यायला लागले. मी संध्याकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला उभी राहिले आणि बी.एस्सी. पूर्ण केलं. एम.एस्सी.ला नंबर लागला होता. राहण्या-खाण्याला शेळी नव्हती. आता एका दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर बसते. पगार झाला की घरी पाठवते, आणि गाडीचं काही काम निघालं की भाऊ वेगळा फोन करतो. आबा अजून विचारतात, पुरतात का? मी अजून तेच उत्तर देते.

यंदा चुलत बहीण शिकायला आलीय, माझ्याच खोलीत राहते. आबांनी फोनवर बजावलं, तिलाबी तुझ्यासारखं भागवायला शिकव. मी तिला पहिल्याच दिवशी दोन वेळचा डबा लावून दिला आणि सांगितलं, घरून फोन आला की पुरत नाही म्हण. पुरत असले तरी म्हण. ती हसली. तिला मी चेष्टा करतेय असं वाटलं.

गावाकडून शिकायला आलेल्या पोरींनो, घराची आठवण मलाही येते. पण आठवणीत ना अंगण येतं ना दावण. येतो तो आईचा हात, माझं मनगट दाबून बांगड्या चढवणारा. माझी उपासमार त्या घरात एका माणसाला दिसली होती. तिनं बांगड्या बदलल्या. अजूनही गेले की ती आधी माझं मनगट बघते, मग तोंड. आणि काही विचारत नाही.