कात्रीबाई आणि शुक्रवारचा तास

कात्रीबाईंच्या घरात शिळं वर्तमानपत्र अख्खं सापडेल तर शपथ! पानापानाला खिडक्या पाडलेल्या, आणि त्यातल्याच एका खिडकीतून बाईंचे यजमान बायकोवर नजर ठेवत चहा पिणार.

कात्रणं जायची सातवीच्या वर्गात. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला बाई जगभरच्या बातम्या वाटायच्या. परदेशातल्या एकाच मोर्चाला एका पेपरात शेकडो माणसं, दुसऱ्यात लाखो. मग पोरं फोटोवर पट्टीने चौकटी आखून डोकी मोजत बसायची. फळ्याच्या कोपऱ्यात तीन प्रश्न कायमचे मुक्कामाला होते: कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? ऐकून भलं कुणाचं?

पोरांनी प्रश्न घरी नेले आणि पालकांच्या नाकी नऊ आले. एका बापाने लेकीला ठणकावलं, "मोबाईलने डोळे जातात, सगळं जग म्हणतंय!"

"सगळं जग म्हणजे कितीजण, बाबा? आणि तुमच्या हातात काय आहे?"

बाबा थेट मुख्याध्यापकांच्या दारात.

"नऊ तक्रारी झाल्या, बाई," मुख्याध्यापक म्हणाले. "शुक्रवारी मागच्या बाकावर येऊन बसतो. नाही पटलं, तर तो तास गणिताला."

बाईंचा जीव टांगणीला लागला. हा तास गेला तर शाळेत आपण हजेरीच घ्यायची! आणि गुरुवारी संध्याकाळी फोनवर देव पावल्यासारखी बातमी आली: कुठल्याशा देशात पेपर वाचणाऱ्या मुलांचे गणिताचे गुण दुप्पट झाले! बाईंनी मागचापुढचा विचार न करता ती शाळेच्या ग्रुपवर ढकलून दिली.

शुक्रवारी मुख्याध्यापक इवल्याशा बाकात गुडघे कोंबून बसले. बाई कात्रणं काढणार, तोच ती मोबाईलवाल्या बाबांची लेक उठली.

"बाई, कालची तुमची बातमी बाबांनी दाखवली. कोण सांगतंय, ते नाही. देश कुठला, मुलं किती, काहीच नाही."

"आणि भलं कुणाचं?" मागून कुणीतरी खुसखुसलं. "बाईंचं!"

वर्ग फिदीफिदी हसला. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. 'तुमची परीक्षा घ्यायलाच पाठवली होती' हे वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. छान खपलंही असतं. पण त्यांनी ते गिळलं.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. "ती खरी निघावी असं मला इतकं वाटत होतं, की मी काही विचारलंच नाही."

आणि तिथेच फोन काढून त्यांनी ग्रुपवर लिहिलं: 'कालची बातमी न तपासता पाठवली. माफ करा. चूक सातवीने पकडली.'

मागच्या बाकावर टिंग वाजलं. मुख्याध्यापकांनी वाचलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"बाई... ती बातमी मी आणखी चार शाळांना पाठवलीय."

"का हो, सर?" लेक कसली सोडतेय! "भलं कुणाचं?"

"आपल्या शाळेचं," ते पुटपुटले, आणि स्वतःच असे गदगदून हसले की बाक करकरलं. "आता त्या चार शाळांना काय लिहू?"

"खरं ते लिहा, सर. पाठवण्याआधी आम्हाला दाखवा," लेकीने बजावलं.

सरांनी खरंच दाखवलं. पोरांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली. "गणिताला दुसरा तास शोधावा लागणार," म्हणत सर बाकातून निघायला गेले, तर गुडघे अडकलेले. बाई आणि ती लेक, दोघींनी ओढून काढलं.

संध्याकाळी यजमान पेपरच्या खिडकीतून म्हणाले, "अगं, तुझा तास वाचला म्हणे! साऱ्या गल्लीत झालंय."

बाईंनी कात्री उचलली. "सारी गल्ली म्हणजे कितीजण?"