भिंतीपलीकडचा खोकला

ईसीजीसाठी दवाखान्यातल्या बाकावर बसलो होतो. आधीच माझी छाती धडधडत होती, त्यात शेजारी कसबा बावड्याचे एक पाहुणे सारखे छातीवरून हात फिरवत होते. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, तेव्हा "झ्याक लागती की!" असं त्यांनी ठोकून दिलेलं मी दारातून ऐकलं होतं. बाहेर येऊन मला मात्र म्हणाले, "पावणं, डोळ्याला डोळा न्हाय. वाटणी झाल्यापासनं धाकट्या भावाशी बोलणं बंद. मधी भिंत घातलीया. पर पलीकडं त्यो खोकला, की मला झोप लागायची. आता खोकतच न्हाय."

"मग विचारा की."

"कुणाला? भिंतीला?"

मग त्यांनी माझ्या मोबाइलकडं बोट दाखवलं. "तुमच्यावरनं लावा. माझा नंबर बघून त्यो उचलायचा न्हाय." भावाचा नंबर त्यांना तोंडपाठ होता.

रिंग वाजत राहिली. फोन कानाला दाबून ते श्वास रोखून बसले. शेवटी पलीकडं कुणीतरी खोकलं.

"हाय त्यो," एवढंच म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला, आणि मागच्या भिंतीला डोकं टेकून बघता बघता घोरायला लागले.

फोन अजून चालूच होता. "दादा," भाऊ विचारत होता, "तूच हाईस न्हवं? बोल की."