‘गेट’चे सदतीस अर्थ

शेजारच्या कमलताईंच्या ओट्यावर, पोळपाटाला लागूनच, एक वही उघडी असते. ‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचे सदतीस अर्थ तिच्यात ओळीने लिहिले आहेत: मिळणे, होणे, आणणे, पोहोचणे, समजणे. सगळे पाठ झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा त्यांच्या क्लासच्या सरांचा दंडक आहे. सर स्वतः इंग्रजीत फक्त हजेरी घेतात.

ताईंना मात्र थांबायला वेळ नाही. लेक परदेशात, सातवा महिना, आणि डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलंय. जावई तिकडचाच, मराठीचा गंध नसलेला. काल लेक झोपली होती म्हणून फोन त्याने उचलला. ताईंनी घाईने तो माझ्यापुढे धरला.

“तुम्हीच विचारा भाऊ, कशी आहे ती. माझे अजून अकराच झालेत.”

“सांडशीने काय काय उचलता येतं, याची यादी पाठ करून स्वयंपाक शिकलात का?” मी म्हणालो.

“तुमचं आपलं काहीतरीच,” असं म्हणत त्यांनी फोन मागे घेतला आणि पदर सावरला. “शी गेट फूड? शी गेट स्लीप?”

 पलीकडून जावई एकेक शब्द सुटा करून सावकाश सांगू लागला. भाषेचे मानकरी शब्दांचे अर्थ मोजत बसतात. शब्द मात्र गरज असेल त्याच्या घरी निमंत्रणाशिवाय राबायला जातो.

ताईंना त्यातलं निम्मंच कळत असावं. मदत करावी म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.