साचेवाली अक्का

भडक आलेख दिसला की अक्काचं डोकं उठायचं. कडगंचीच्या विद्यापीठात आम्ही दोघी संशोधन करत होतो, ती माझ्याहून दोन वर्षं पुढे. एकदा मी पावसाच्या आलेखात जांभळे खांब उभे केले आणि त्यांवर गुलाबी अक्षरं लिहिली, तर म्हणाली, "हे काय, वरात काढलीस व्हय?"

रंग, रेषांची जाडी, अक्षरांचा आकार हे सगळं तिने एका फाइलीत लिहून ठेवलं होतं. त्या फाइलीला ती साचा म्हणे आणि तिचा प्रत्येक आलेख त्या साच्यातूनच निघे. कुणी एखादी रेष वेगळी रंगवायला गेलं की ओरडायची, "चित्राला हात लावू नको! साच्यात बदल कर, समदीकडं आपोआप बदलतंय." आम्ही तिला साचेवाली म्हणायचो. तिला राग यायचा, म्हणून जास्तच म्हणायचो. छापायचा काळा-पांढरा साचा वेगळा होता, त्याचं नाव तिने 'सुतक' ठेवलं होतं. "सर, सुतक पाठवू का?" असं ती मार्गदर्शकांना फोनवर सहज विचारायची.

तिच्या पीएच.डी.च्या खुल्या तोंडी परीक्षेला भालकीहून तिचे वडील, अप्पा आले. हैदराबादची नोकरी तिला मिळालेली होती, पण लेकीला इतक्या लांब धाडावं की नाही, हे अप्पांचं ठरत नव्हतं. "आधी बघू तर, इतकी वर्षं काय केलीस ते," एवढंच ते म्हणाले होते. परीक्षेच्या दिवशी अक्का जेवलीसुद्धा नाही.

परीक्षेआधी तिने त्यांना पडद्यावर उसाच्या उत्पादनाचा आलेख दाखवला. भालकीची रेष लाल, शेजारच्या हुमनाबादची हिरवी. अप्पा डोळे बारीक करून म्हणाले, "दोनी सारख्याच दिसायल्यात की गं. आपली कोणती?" त्यांना लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. परीक्षक शेजारच्या खोलीत चहा घेत होते. अक्काने लगेच साचा उघडला, लालच्या जागी निळा लिहिला, हिरव्याच्या जागी केशरी तुटक रेष. परीक्षकांचा चहा संपायच्या आत सगळे आलेख नव्या रंगात हजर.

अप्पा मागच्या बाकावर बसले. ती बोलत असताना मधेच उभे राहिले. "आपली निळी रेष मधीच खाली कामून गेलीय?" परीक्षक हसले, "माझाही हाच प्रश्न आहे." अक्काने उत्तर दिलं ते अप्पांकडे बघून.

बाहेर आल्यावर अप्पांनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. उपरणं झटकलं आणि मला विचारलं, "हुमनाबादवरनं हैदराबादची बस सकाळी कवा हाय, बाई?"

अक्का तोंडाला पदर लावून उभी. बसची वेळ मीच सांगितली, आणि सांगता सांगता मलाच रडू फुटलं.